सिनेमानंतरची भरली वांगी

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, एक न सांगितलेला नियम होता. ज्यांच्या हाताला चव, त्यांनी भाजी, भात, गोडाचं करायचं. ज्यांना स्वयंपाक येत नाही, म्हणजे नुकती भारतातून आलेली एकटी मुलं, त्यांनी कागदी प्लेट्स आणि कोक आणायचा. माझ्याकडे पहिल्यापासून भरली वांगी होती. आम्ही जमायचो ते डॉक्टरकाकूंच्या घरी, आणि "तुझ्या वांग्यांशिवाय मजा नाही गं," असं त्या दर वेळी म्हणायच्या.

२००६च्या उन्हाळ्यात नागपूरहून माझे बाबा आले. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना करमावं म्हणून की काय, डॉक्टरकाकांनी त्या शनिवारी लढाईचा सिनेमा लावला.

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे काळे सैनिक. त्यांची पलटण वेगळी, आणि हातात बंदुकीऐवजी फावडं. एका प्रसंगात वर्दीतला काळा शिपाई खानावळीत जातो. मालक त्याला मागच्या खिडकीशी उभा करतो, आणि आत टेबलांवर पकडून आणलेले जर्मन कैदी मजेत जेवत असतात. सगळे हळहळले.

"स्वतःच्या सोल्जर्सना असं ट्रीट करतात, यार!" कुणीतरी म्हणालं.

काका म्हणाले, "आपल्याकडे बाकी काही असेल, पण हे असलं नाही."

"होतं जी," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, हवापाणी सांगावं तसं. "माझे वडील याच लढाईत होते. आधी इंग्रजांनी आमच्या जातीची भरतीच बंद केली होती. माणसं कमी पडली, तेव्हा घेतलं. रजेवर आले तर वर्दीतच गावच्या हाटेलात गेले. चहा भेटला, पण बाहेरच्या कोनाड्यातल्या कपात. आमच्या लोकांचा कप तो. पिऊन आपणच धुवून ठेवायचा. मी लहान होतो, सोबत होतो."

काकूंनी सिनेमा थांबवला आणि जेवायला चला म्हणाल्या.

मला बाबांचा अभिमान वाटला आणि धास्तीही. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. त्यामुळे "मूळचे तुम्ही कुठले?" हा प्रश्न त्या घरात मला किती तऱ्हांनी विचारून झाला होता! आता कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.

पुढच्या पॉटलकआधी काकूंचा फोन आला. आवाजात साखर. "या वेळी तू काही करू नकोस हं. बाबा आलेत, तुझी धावपळ होते. प्लेट्स आणि कोक आण फक्त. वांगी मी दुसरीला सांगितलीत."

"मला काही धावपळ नाही, काकू."

"अगं, असू दे गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लेट्स आणल्याच, पण वांगीही केली. घरचा गोडा मसाला, खोबरं, सगळं नेहमीसारखं. भांडं नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवलं. शेजारी दुसरीची वांगी होती. ती बघता बघता संपली, खालचा रस्सासुद्धा पोळीने पुसून नेला लोकांनी. माझ्या भांड्यातली बाबांनी आणि आम्ही नवराबायकोने वाढून घेतली, तेवढीच. काकू एकदा जवळ आल्या, "अय्या, तू केलीसच का!" म्हणाल्या आणि भांड्यावर झाकण ठेवून गेल्या.

परतताना नवरा गाडी चालवत होता. बाबा मागे, मांडीवर ते जड भांडं धरून बसले होते. सांडू नये म्हणून दोन्ही हात झाकणावर. माझ्याने राहवेना.

"पुन्हा या लोकांच्या दारात पाऊल ठेवणार नाही मी," मी म्हणाले.

बाबांनी मांडीवरचं भांडं नीट सावरलं.

"माझा बापही हेच म्हणाला होता, हाटेलातून निघताना," ते म्हणाले. "पण बाई, कप धुवूनच निघाला होता तो."

मीही सांगितल्याप्रमाणे प्लेट्स नेल्याच होत्या. आज सगळे जेवले ते त्याच प्लेटांत.