सरांची रेघ आणि गावाचा रेघोबा

लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. थंडीत जाऊन आलो आणि आता उन्हाळा संपत आला. तुम्ही सगळे ग्रुपवर विचारत होता, आत्मारामभाऊ, तळ्याचं काय झालं, आणि मी नुसते हात जोडलेले पाठवत होतो. एक तर माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यात वाचणारे तुम्ही सगळे आर्किटेक्ट. चार ओळी लिहायच्या, मग वाटायचं सरांबद्दल काही कमीजास्त तर गेलं नाही ना, आणि पुसून टाकायच्या. पण परवा गावाहून फोन आला. आता गप्प बसून चालणार नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बारापात्रे सर नागपूरच्या कॉलेजात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायचे. म्हणजे इमारतीच्या बाहेरची जमीन, पाणी, झाडं, वाटा यांची मांडणी. मी तिथला माळी. कुंड्यांना पाणी घालता घालता मी खिडकीतून ऐकतो हे सरांनी पाहिलं आणि मला आत मागच्या बाकावर बसवलं. नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं, पुढे मागे लागून स्वतःची नर्सरी काढायला लावली. आज माझं घर त्या नर्सरीवर उभं आहे. मागच्या वर्षी सर गेले. त्यांनी जिथे जिथे काम केलं तिथे एकेकाने जाऊन यायचं आणि इथे लिहायचं, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. तिरोड्याकडचं तळं हे सरांचं सगळ्यांत लाडकं काम. तिथे त्यांच्या नावाचा ग्रॅनाइटचा दगड बसवायचा होता. जागा बघून गावाची परवानगी आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण विद्यार्थ्यांच्या ज्या शिबिरात ते तळं बांधलं त्यात मी सरांबरोबर होतो.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंकडे गेलो. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटो नीट काढा. नाव कुठे येणार ते मला दिसलं पाहिजे." हे वाक्य दिवसभर छातीवर बसून राहिलं. गावाने सरांना ओळखलंच नाही तर? पाळ फुटून वाहून गेली असली तर? (पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा बांध.) परत येऊन बाईंना काय सांगू?

सकाळच्या गाडीसाठी मी नागपूर स्टेशनवर इतका लवकर पोचलो की झाडूवाला म्हणाला, काका, रात्रीची चुकली का सकाळची धरताय? तिकीट खिशात आहे का हे पुनःपुन्हा बघितलं. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या होत्या, एक पिशवी हरवली तर दुसरी असावी म्हणून. जाणाऱ्यांनी एक करा, डाव्या खिडकीचा हट्ट धरू नका, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सारख्याच सुंदर आहेत. तुमसर रोड गेलं की वैनगंगेचा पूल लागतो. पुलावर मी डोळे मिटून घेतो, पण तुम्ही बघा.

तिरोड्याला उतरून स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. वर चण्याचा झणझणीत रस्सा घालतात. पोटाची भीती असेल तर रस्सा वेगळा मागा. तिथून बोदलकसा तळ्याच्या बाजूला (ते मोठं तळं वेगळं, आपलं नव्हे) ऑटो जातात. माणशी पैसे थोडेच, पण ऑटो भरेपर्यंत निघत नाही. घाई असेल तर पूर्ण ऑटो करा आणि परतीचं आत्ताच बोलून ठेवा, संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर काही मिळत नाही. पुढे नागझिऱ्याचं जंगल आहे. मी ऑटोवाल्याला विचारलं, वाघ रस्त्यावर येतो का. तो म्हणाला, येतो, पण तो ऑटोत बसत नाही. गाडीतल्या बाया हसल्या. मी पिशवी घट्ट धरली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

पानठेल्यावर उतरलो आणि विचारलं, बारापात्रे सरांनी बांधलेलं तळं कुठे आहे. ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "कोन बारापात्रे? आमच्या तलावावर त फक्त रेघोबा हाये." ज्याला घाबरत आलो होतो तेच झालं. आता रेघोबा कोण हे विचारायचंही सुचलं नाही. तसाच तळ्याकडे चालू लागलो.

पाळ जागेवर होती. नुसती जागेवर नव्हती, तिच्यावर सरांनी लावायला सांगितलेली अर्जुनाची झाडं दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी झाली होती. गुरं पाण्यावर उतरतात तो उतार तसाच, बायांचा धुण्याचा घाट तसाच. सरांनी तेव्हा कागदाला हात लावण्याआधी एक अख्खा आठवडा नुसतं बघत बसायला लावलं होतं, बाया कुठून उतरतात, गुरं कुठून. विद्यार्थी कंटाळले होते. आता तुमच्यातलेच ते कंटाळलेले मोठमोठ्या शहरांचे बगिचे आखतात. मी तिथे उभा राहून एकटाच हसलो. मनात म्हटलं, सर, टिकलं हो.

मग सांडव्यापाशी गेलो. तळं भरलं की जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं, तो सांडवा. तिथे सरांनी एक उभा दगड रोवला होता. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून, एक टोक माझ्या हातात आणि एक गावातल्या सोमाजीच्या, अशी पातळी धरून सरांनी त्या दगडावर लाल ऑइलपेंटने एक रेघ मारली होती. सांडव्याची उंची या रेघेच्या वर कधी नेऊ नका, नेली तर पाणी पाळीवर चढेल आणि पाळ फुटेल, असं सगळ्या गावाला बसवून सांगितलं होतं. दरवर्षी पावसाआधी रेघ ताजी करायची, तेही सांगितलं होतं.

तो दगड आता खालपासून वरपर्यंत शेंदराने माखलेला होता. समोर नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या, झेंडूची वाळलेली माळ. शेंदराचा थर इतका जाड की दगडाला खांदे आल्यासारखे दिसत होते. मी चपला काढल्या. का काढल्या ते मलाही कळलं नाही.

"काय जी माली, जित्ता हायेस अजून?" मागून आवाज आला. सोमाजी. दात गेलेत, पण चालणं तेच. ठेल्यावरून निरोप गेला होता की कोणी नागपूरचा बुढा तलावाकडे गेला. गळ्यात पडलो. मग त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना तो जितका हसत होता तितका मी घाबरत होतो.

रेघ ताजी करायचं काम सोमाजीकडे होतं. काही वर्षं त्याने इमानाने केलं. एका वर्षी डब्यातला पेंट वाळून दगड झाला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आलेला, तिरोड्याला जायला सवड नाही. घरात मारुतीचा शेंदूर होता. त्याने तो तेलात कालवला आणि रेघ ओढून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी तिथे फूल ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी नारळ. सोमाजीने सांगून पाहिलं की अरे, हा मास्तरचा दगड होय. बाया म्हणाल्या, मास्तरले का देव दिसला नसेल, म्हणून त रोवला. पुढच्या वर्षी त्याने पेंट आणला, तर त्याच्याच बायकोने तो लावू दिला नाही. देवाले पेंट लावतेत का म्हणे.

रात्री त्याच्याकडेच जेवलो. भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातली मासळी. मला काट्यांची भीती, म्हणून त्याच्या सुनेने माझ्या ताटातली मासळी स्वतः सोडवून दिली. पैसे घेईनात. नातवंडांसाठी खाऊ न्या, तो घेतात.

सकाळी सरपंचताईंकडे गेलो. चाळिशीच्या आतल्या, बौद्ध घरातल्या, शिकलेल्या. मी ग्रॅनाइटच्या दगडाचं सांगितलं आणि म्हणालो, रेघोबाच्या शेजारीच नाव लागलं तर बरं. त्या म्हणाल्या की मागे गाळ काढायला जेसीबी आला होता. काही लोकांना उन्हाळी धानाला जास्त पाणी हवं होतं, मासळीवाल्यांनाही हवं होतं. सांडवा दोन फूट उचलायचं ठरत आलं होतं. त्या विरोधात एकट्या पडल्या होत्या. शेवटी दगड हलवायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हरने मशीन बंद केली आणि म्हणाला, "मैडम, भगवान को मैं हाथ नहीं लगाऊँगा." संपलं. सांडवा आहे तिथेच राहिला. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या दोन पाळी फुटल्या, यांची नाही.

"काकाजी, मी त्याले हात जोडत नाही," ताई म्हणाल्या. "पन कोनाले हात लावू बी देत नाही. तुमी आज तिथं मानसाचं नाव लिहान. उद्या लोक विचारतीन, कोन होता, कोनत्या जातीचा, कोनत्या पार्टीचा. मंग एखादा इंजिनिअर येऊन म्हनन, त्याची रेघ जुनी झाली, माही घ्या."

गावाचं नाव मी का लिहीत नाही ते आता कळलं असेल, उद्या कोणी शोधत येऊन रेघोबाचा पुन्हा नुसता दगड करायला नको. परवानगी त्यांनी नाकारली नाही, निर्णय माझ्यावर टाकला. बाहेर पडताना सोमाजी म्हणाला, "कायले तोंड पाडून राहिला बे? तुया मास्तरले गाव वर्साले नारळ फोडते. कोन्या साहेबाले फोडते?"

परतायच्या आधी उलट्या दिशेच्या पॅसेंजरने गोंदिया गाठलं, तिथून ऑटोने नागऱ्याच्या शिवमंदिरात गेलो. गोंदियात ऑटोवाल्याशी हिंदीतच बोला, तो मराठीला हिंदीतच उत्तर देतो. मंदिर जुनं, दगडी, शांत. बाईंसाठी प्रसाद घेतला. पण पिंडीपुढे उभा असताना डोळ्यांसमोर दुसराच दगड येत होता. आमचे सर देवळात फारसे गेले नाहीत. एका लाल रेघेवर त्यांनी एवढं गाव वाचवलं, आणि गावाने त्यांना त्याच रेघेत ठेवून घेतलं. इतका अभिमान मला स्वतःच्या मुलाच्या नोकरीचाही वाटला नव्हता. आणि तरी बाईंना नाव दाखवायचं होतंच.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंकडे जायचं धैर्य झालं. मोबाइलवर फोटो दाखवले, सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या ड्रायव्हरच्या गोष्टीला खूप हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसणं थांबलं. म्हणाल्या, "देव सगळ्यांचा असतो, आत्माराम. नाव त्यांचं एकट्याचं होतं."

म्हणूनही लिहिणं लांबलं. ग्रॅनाइटवाला विचारतो, अक्षरं कोरू का, मी म्हणतो, थांब. माझं मत विचाराल तर त्या तळ्यावर नाव नको. पण बाईंचा शब्द मोडून ते म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

आणि परवा सोमाजीचा फोन आला. रोवण्याआधी शेंदूर लावायचा असतो, तो दरवर्षी तोच लावतो. यंदा त्याने हात लावलेला नाही. म्हणाला, मास्तरीनबाईले घेऊन ये, औंदा त्याईच्या हातानं लावू. गावाले सांगून ठेवलं हाये.

बाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला आधी नेऊन दाखवा. नावाचं नंतर बघू." आणि उठून कपाटातून नऊवारी काढायला लागल्या, जणू गाडी दारातच उभी आहे.

गाडी दारात नाही. बाईंना रेल्वे झेपणार नाही. गुडघे दुखतात, पाळीवर चढताना दोन्ही बाजूंनी धरायला माणसं लागतील. शेवटचा रस्ता मातीचा, एकदा पाऊस पडला की चारचाकी रुतते. नर्सरीतली माझी जुनी गाडी एवढ्या लांब नेण्याची मला भीती वाटते, वाटेत बंद पडली तर त्या उन्हात बाईंना कुठे बसवू? तुमच्यापैकी नागपुरात, भंडाऱ्यात, रायपुरात कोणी असेल, चांगली गाडी असेल, एक दिवस सुटी मिळत असेल, तर कळवा. पुण्या-मुंबईच्यांनी विमानाने आलात तरी चालेल, राहायची सोय माझ्याकडे. ढग अजून आलेले नाहीत, पण मी रोज सकाळी उठून पूर्वेकडे बघतो. येणार की नाही, एवढं तरी लवकर कळवा. बाई विचारतात.