तिखटाच्या पाकिटावरचं अक्षर

दोन हजार तेवीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो. हे वय शाळेतल्या मास्तरांनी अंदाजाने टाकलेलं आहे, आणि त्या शाळेत मी तिसरीपर्यंतच बसलो, तेव्हा दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा. त्या साली माझ्या सुनेने माझ्या नावाचं तिखट विकायला काढलं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

हसनाबादला आमची गिरणी आहे. पिठाची चक्की आणि बाजूला मिरची कांडायची मशीन. दोन्ही मी बसवल्या. आमच्याकडे रीत अशी, की दळणाचा डबा आला की त्यावर खडूने मालकाचं नाव लिहायचं, मंगच तो रांगेत ठेवायचा. डबे सगळे तेलाचे, एकासारखा एक. नाव नसलं की एकीची ज्वारी दुसरीच्या घरी जाते आणि दोघी येऊन माझ्या दारात भांडतात. आधी नावं मी लिहायचो. सून घरात आल्यापासून ती लिहिते. बारावी शिकलेली आहे.

तिला वाटलं, लोकांची मिरची कांडून देण्यापेक्षा आपणच तिखट करावं, पाकिटं भरावी. मला पटलं. मिरची मला कळते.

"मामा, पाकिटावर तुमचं नाव टाकू का?" तिने विचारलं. सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात.

"मंग कोणाचं टाकणार? पण एक अट. ते मला वाचता आलं पाहिजे."

यात जगावेगळं काय मागितलं मी? मी बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचतो. त्याची मला लाज न्हाई. तिखट घेणार बाया, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याएवढ्याच शिकलेल्या. मला वाचता येईल तर त्यांना येईल.

त्यासाठी आम्ही जुन्या जालन्यात गेलो. धान्याच्या दुकानांच्या गल्लीत एकाचं फ्लेक्स आणि पाकिटं छापायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं. त्या छापणाऱ्याने कंप्युटरवर माझं नाव टाइप केलं आणि विचारलं, "बाबा, फॉन्ट कोणता घ्यायचा?"

"तो काय असतो?"

"अक्षराचं वळण, मामा," सून म्हणाली.

"मास्तरांनी तर एकच वळण शिकवलं होतं."

"इथं ढीगभर हायेत बाबा," तो म्हणाला आणि दाखवायला लागला.

पहिल्या अक्षराला वरची रेघच नव्हती. मी विचारलं, रेघ कुठं गेली? म्हणे, "मॉडर्न आहे. रेघ काढली की मोकळं वाटतं."

"छप्पर काढलं की घरही मोकळं वाटतं. तू राहून दाखव."

दुसरं जिलबीसारखं. मी म्हणालो हे लग्नाच्या पत्रिकेचं आहे, तिखटाला नवरी कोण? तिसरं इतकं बारीक की मुंग्यांची रांग चाललेली. चौथ्याला तडे गेलेले. मी म्हणालो, "नवंकोरं अक्षर फोडून कशाला ठेवलं?" तो म्हणाला, "स्टाईल आहे बाबा." बोट ठेवावं तर काच, आणि काचेला बोट लावलं की तो फडकं घेऊन पुसायचा. वाचावं कसं माणसाने?

सुनेला ते बिनरेघेचंच आवडलं होतं. "मामा, शहरातली पाकिटं अशीच असतात."

"शहरातला माणूस तिखट घ्यायला हसनाबादला येऊन राह्यला का?"

"यावा म्हणूनच तर करून राह्यले, मामा." मंग आवाज खाली करून म्हणाली, "लग्न झाल्यापासून हे पहिलं काम माझ्या मनाचं आहे."

ते मी ऐकलं. पण वाचता येत न्हाई ते न्हाईच.

दुपार टळली. छापणाऱ्याचा चहा दोनदा गार झाला. आणि एकदम काचेवर एक अक्षर आलं. सरळ, जाड, काळंभोर, वर भक्कम रेघ. माझं नाव मी एका दमात वाचलं, बोट न लावता.

"थांब! हेच."

त्याचा हात थांबला. त्याने सुनेकडे पाहिलं, मंग माझ्याकडे. "बाबा, हे आम्ही... दुसऱ्या बोर्डांना वापरतो."

"कोणत्या?"

"असतात ना, साधे बोर्ड."

"मंग मला साधंच पाहिजे."

"अजून दोन दाखवू का?"

"एकही दाखवू नको. काम कर जल्दी, बस निघून जाईल."

सून काही बोलणार होती, मी हात वर केला. आता मला सांगा, ज्याला माहीत आहे त्याने तोंड उघडायला नको? नंतर तो छापणारा म्हणे, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कसं बोलावं.

पाकिटावर आणि गावात लावायच्या जाहिरातीच्या बोर्डावर मी माझा पांढऱ्या टोपीतला फोटोही घ्यायला लावला. त्याने स्वतःच्या अकलेने फोटोभोवती लाल मिरच्यांची गोल माळ काढली. पाकिटं छापून आली, तिखट भरलं, आणि एका संध्याकाळी बोर्ड एस.टी. स्टँडवर लागला. सुनेने मोबाइलवर त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होतो. दारात जीप थांबली आणि बायांचा एकदम गलका उठला. रडण्याचा. जीपमध्ये धावड्याचे, बायकोच्या माहेरचे लोक, पुढे माझा मेहुणा, खांद्यावर टॉवेल. माझी बायको भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली, "कोणाचं काय झालं रे?"

मेहुण्याने मला पाहिलं आणि जागीच उभा राह्यला. "दाजी, तुम्ही?"

"न्हाई, माझं भूत. चहा घे."

त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "मंग हे काय आहे? रात्री हे आलं. बघा की, तुमचा फोटो, भोवती हार."

"तो मिरच्यांचा आहे!"

"एवढ्याशा फोनमध्ये काय कळतं, दाजी? आणि अक्षर बघा ना. श्रद्धांजलीचंच अक्षर आहे हे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या स्टँडवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे आणि पुण्यस्मरणाचे जेवढे बोर्ड लागतात, सगळे याच अक्षरात. बसची वाट बघत बघत किती वर्षं ते वाचत आलो. म्हणून तर माझं नाव एका दमात वाचता आलं.

बायको म्हणाली, "आवं, आता खरंच गेलात तर दुसरं अक्षर कुठून आणायचं आम्ही?"

सगळे हसले. रडत आलेल्या बाया सगळ्यात जास्त हसल्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, कपाशी वेचायची सोडून आल्तो आम्ही."

"पुढच्या वेळी आधी फोन करा," मी म्हणालो आणि आत गेलो.

तरी माझं म्हणणं तेच होतं. अक्षराचा काय दोष? चांगलं ठसठशीत अक्षर, लोकांनी मेलेल्यांना देऊन टाकलं. दोन दिवस बोलतील आणि विसरतील. बोर्ड उतरवायचा न्हाई.

दुपारी एक म्हातारी आली. गिरणी सुरू झाल्यापासून माझ्याकडून मिरची कांडून नेणारी. सुनेने मोठ्या हौसेने तिच्या हातात पाकीट ठेवलं. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं, आणि हळूच ओट्यावर ठेवून हात पदराला पुसले.

"तिखट चांगलंच असंल, माय. पण हे असलं अक्षर चुलीपाशी नको. माझी मिरची कांडून दे."

सुनेने पाकीट उचललं आणि पोत्यात टाकलं. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसती डब्यांवर नावं लिहीत राह्यली, माझ्याकडे न बघता.

मी वजनकाट्याजवळ बसलो. डोकं भणभणत होतं. दुसरं काही करायला न्हाई म्हणून समोरचे डबे वाचायला लागलो. एक वाचला, दुसरा वाचला, पाचवा वाचला. बोट मांडीवरच होतं. तिचं अक्षर गोल, भरीव, थोडं पुढे झुकलेलं, आणि वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या गावाचं पीठ याच अक्षरावर बराबर ज्याच्या त्याच्या घरी जातं. ज्यांना वाचता येत न्हाई त्या बायाही आपला डबा नुसत्या वळणावरून उचलतात. आणि मी जालन्यात त्या काचेपुढे दिवस घालवून आल्तो! मला इतका संताप आला म्हणून सांगू! हे तिला सुचायला नको होतं? बारावी शिकलेली! पण त्या दिवशी मी बोललो न्हाई. माणसाला थोडा मान ठेवावा लागतो, स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी एक डबा सोड्याने घासला, पुसून कोरडा केला आणि नव्या खडूसह तिच्यापुढे ठेवला.

"माझं नाव लिही."

"कशाला, मामा?"

"दळण आहे माझं."

तिने लिहिलं. मी म्हणालो, "रेघ पुरी ओढ. आणि आखडून लिहू नको, रोज लिहितीस तसं लिही." तिने माझ्याकडे पाहिलं, पदराने नाव पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी हात जरा सावकाश फिरला.

"मामा, याचा फोटो काढून पाठवते त्या छापणाऱ्याला. जायची गरज न्हाई."

"फोटोने काय होतं ते काल पाहिलं."

जालन्याच्या पहिल्या बसमध्ये मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, डबा खाली ठेवा." मी म्हणालो, नाव पुसलं जाईल. "मंग डब्याचं तिकीट काढू का?"

"काढ," मी म्हणालो आणि डबा आणखी जवळ ओढला.