काळ्या मार्करखालचा नंबर

शीळफाट्याजवळच्या आमच्या कारखान्यात एकाच नावाचे दोघे होते, आडनावासकट. दोघं कोकणातल्या एकाच गावचे. आम्ही एकाला मशीनवाले काका म्हणायचो, दुसऱ्याला पॅकिंगवाले काका. इतक्या वर्षांत कधी घोळ झाला नाही. तो मी केला.

पगाराचे कागद माझ्याकडे. आदल्या वर्षी कुणीतरी एका कामगाराच्या फॉर्म सोळाच्या झेरॉक्सवरून पॅन नंबर उचलला आणि त्याच्या नावावर हप्त्याने मोबाइल घेतला. मालकांनी माझीच खरडपट्टी काढली. माझं डोकं असं फिरलेलं की या वर्षी सगळे फॉर्म समोर घेतले आणि काळ्या मार्करने एकेक नंबर खोडून टाकला. पत्ता तर आम्ही सगळ्यांचा कारखान्याचाच टाकायचो, कारण भाड्याच्या खोल्या सारख्या बदलतात. पाकिटं भरली ती नंबर खोडून झाल्यावर. म्हणजे त्या दोन फॉर्मांवर वेगळा उरला तो फक्त पगाराचा आकडा, आणि तो बघायला मला कुठे वेळ होता!

चार दिवसांनी पॅकिंगवाल्या काकांच्या मुलीचा डोंबिवलीहून फोन आला. तिला नर्सिंगला सीट मिळालेली. फी माफ झाली तरच जमणार होतं, आणि त्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्याला हा फॉर्म लावायचा होता. पप्पा आणतात त्यापेक्षा पगार बराच जास्त दिसतोय, म्हणाली. मी सांगितलं, ओव्हरटाइम, बोनस सगळं धरतात त्यात. मग हळूच म्हणाली, नंबर झाकलाय, फॉर्म नक्की पप्पांचाच आहे ना?

त्या दिवशी माझ्यासमोर कामाचा ढीग होता. मी खेकसले, "वडिलांचं नाव वाचता येतं ना तुला?"

तिने सॉरी म्हणून फोन ठेवला. तो सॉरी अजून माझ्या कानात आहे.

महिन्याभराने मशीनवाले काका रिटर्न भरायला बसले आणि फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. मॅडम, माझा पगार एवढा कमी कधी झाला, विचारत होते. दोघांच्या पाकिटांची अदलाबदल झाली होती. तशीच उठले, कॉम्प्युटरवर पॅन नंबर टाकून पॅकिंगवाल्या काकांचा नवा फॉर्म काढला, नंबर उघडा ठेवून, आणि रिक्षाने कल्याणला तिच्या कॉलेजच्या फीमाफीच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद नीट वाचला, माणूस काही वाईट नव्हता. म्हणाला, उत्पन्न मर्यादेबाहेर दिसलं म्हणून फीमाफी नाकारली, मुदत संपली, आणि सीट पुढच्या मुलीला गेलीसुद्धा.

तिथूनच डोंबिवलीला त्यांच्या खोलीवर गेले. काकांनी मला बसायला खुर्ची दिली. निदान ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. मुलगी माजिवड्याच्या एका दुकानात बिलिंगला लागलेली, नुकतीच कामावरून आलेली. मी माफी मागितली. तिने मी आणलेला नवा फॉर्म हातात घेतला आणि कागद उलटा करून मांडीवर ठेवला. मग कुठेही न बघता पॅन नंबर म्हणून दाखवला, दहाच्या दहा अक्षरं.

"पप्पांचे सगळे फॉर्म मीच भरते, मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशी फोनवर विचारला असतात, तर सांगितला असता."