ठिपक्यांमागचा आवाज

कसबा पेठेतल्या एका बोळात एका गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर मी हौसेनं मराठी कीबोर्ड बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो मला आत घेईना. पासवर्ड तोच, बोटं तीच, तरी दर वेळी 'चुकीचा पासवर्ड'. बायकोचे सगळे फोटो आत अडकले होते, म्हणून लॅपटॉप त्यांच्याकडे नेला.

त्यांनी मला काउंटरवर चार वेळा पासवर्ड टाकायला लावला. स्वतः पाठ फिरवून, मान जराशी कलती करून उभे राहिले.

"अहो, तुम्ही इंग्रजी टाइप करताय, तो मराठी समजतोय." मग तीन बटणं एकदम दाबून त्यांनी नुसत्या अक्षरांचा काळा पडदा आणला. "इथं तुमची मराठी पोचत नाही." आणि मला न विचारता त्यांनीच माझा पासवर्ड टाकला. पहिल्याच फटक्यात बरोबर! कीबोर्डची सेटिंग बदलली, फोटो दिसले.

"तुम्हाला कसा कळला?"

"पासवर्डवरचे ठिपके डोळ्यांसाठी असतात. बटणांचा आवाज कुठे झाकता येतो?"

घरी येताच मी पासवर्ड बदलला. आठवड्यानं चार्जर घ्यायला गेलो आणि तो चालतो का बघायला लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकला. ते पाठमोरे बसून स्क्रू पिळत होते.

"बदललात वाटतं," मागे न बघता ते म्हणाले. "नाव मात्र वहिनींचंच ठेवलंत. पुढे त्या गेल्या ते साल घातलंत."

बायको गेल्याचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.