देवीला बोललेले केस

पावसाळा सरत आला होता तेव्हा माझ्या बहिणीच्या डोक्यात, उजव्या कानाच्या वर, रुपयाएवढा एक चट्टा दिसला. ती बारा वर्षांची होती. निजामाच्या राज्याचे ते शेवटून दुसरे वर्ष. वसमतकडच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती आणि पुढच्या वर्षी दिवाळीनंतर लग्न करायचे होते. मुलगी बघायला आलेल्या बायकांनी तिची वेणी हातात धरून पाहिली होती. वेणी कमरेखाली येत होती.

आई म्हणाली, कोंडा आहे. कोंडा भुशासारखा कोरडा असतो, खाजवले की खांद्यावर पडतो, आणि त्याने केस तुटत नाहीत. या चट्ट्यावरचे केस कातडीलगत तुटले होते. हा फरक तेव्हा आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हता. गोठ्यातल्या एका कालवडीच्या मानेवर राखेच्या रंगाचे गोल चट्टे होते. बहीण रोज तिच्या मानेवर डोके टेकून बसायची. ते चट्टे आणि हा चट्टा एकच, असे कोणाच्या मनात आले नाही.

आईने तेलात हळद कालवून जाड लेप दिला आणि वरून फडके घट्ट बांधले. पंधरा दिवसांत तिथे लिबलिबीत सूज आली. पू वाहून केसांत वाळू लागला. चिमटीत धरले तर केस न दुखता हातात यायचे. वास येऊ लागला तशी ती आपणहून आमच्यापासून लांब, दाराशी जेवायला बसू लागली.

मी तिला बैलगाडीने हिंगोलीला नेले. माझे वय सतराच्या आसपास होते आणि शाळेसाठी मी तिथे राहिलेलो होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फडके सोडून पाहिले.

"घर में जानवर हैं?"

"हाव, हैं."

"ये कोंडा नहीं. पूरे बाल निकालो. गरम पानी से खपली नरम करो, उतारो, मरहम लगाओ. उसका कपड़ा उबालो. हल्दी-तेल बंद."

मग बहिणीकडे न बघता ते हळू आवाजात म्हणाले, "देर किए तो जड़ जल जाएगी. फिर बाल नहीं आते."

मलमाची डबी घेऊन आम्ही परतलो.

घरी वडिलांनी निम्मेच ऐकून घेतले. "लगीन व्हायच्या आधीच पोरीला बोडकी करता व्हय?" डोके भादरलेली बाई म्हणजे विधवा, याला आमच्या गावात दुसरा अर्थ नव्हता. तरीही मी न्हाव्याला बोलावले. तो अंगणात आला, धोकटी खाली ठेवली, आणि काय करायचे ते कळल्यावर परत उचलली.

"वैनी, दुसरं काय बी सांगा. कुवार पोरीला वस्तरा लावला तर गाव माझ्या तोंडाला काळं फासंल."

"म्या कुठं म्हणून राहिले, लाव म्हणून?" आई म्हणाली. "ह्यो शाळा शिकलेला सांगून राहिला."

"मंग ह्येचंच करू. बस रे खाली."

सगळे हसले. बहीणही हसली.

त्या संध्याकाळी मला एक वाट सुचली. आमच्या भागात लोक देवीला केस बोलतात. नवसाचे केस उतरवले तर त्यात अपशकुन नाही, उलट मान आहे. मी आईला म्हणालो, "केस देवीला बोल. मंग न्हावीबी न्हाई म्हणणार न्हाई अन् सोयरेबी." आईने मला शहाणा म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने दिवा लावला, बहिणीच्या कपाळावरच्या बटेला कुंकू लावले आणि नवस बोलून टाकला. मी कात्री आणली. वस्तऱ्याआधी केस आखूड करावेत असा विचार होता. आईने माझे मनगट धरले.

"बोललेले केस हायती. आता ते तुझे-माझे न्हाईत. यात्रेतच उतरायचे."

यात्रा चैत्रात होती. तोवर त्या केसांना कात्री नाही, फणी नाही, साध्या पाण्याशिवाय काही नाही. मलमही नाही, कारण ते कशाचे बनवले आहे हे कोण सांगणार? नवस मोडायला मी सांगून पाहिले. वडील म्हणाले, "तूच सांगितलं न्हवं?"

हिवाळाभर तिचे केस पुवाने आणि खपल्यांनी एकमेकांना चिकटत गेले. उवा झाल्या. त्या काढता येत नव्हत्या. कुठे दुखते हे ती सांगायची, नंतर तेही सांगेनाशी झाली.

चैत्रात यात्रा भरली नाही. मुलूख पेटला होता, गावेच्या गावे वऱ्हाडात निघून गेली होती आणि देवीच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसाही कोणी पाऊल टाकत नव्हते. नवस पुढे गेला. निजामाचे राज्य गेल्यावर पुजाऱ्याचा निरोप आला की नवरात्रात केस चालतील.

देवळासमोर वस्तरा फिरला तेव्हा केसांचा गठ्ठा टोपीसारखा अखंड निघाला. खाली जखम नव्हती. आईने तिथल्या तिथे हात जोडले. "बरं केलं गं माय." मी जवळ जाऊन पाहिले. कानाच्या वर तळहाताएवढी जागा गुळगुळीत, पांढरट आणि चकचकीत होती. तिच्यावर केसांची भोके दिसत नव्हती.

पंचवीस दिवसांनी मुलाकडचे आले. नवसाचे त्यांनाही कळले होते आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांच्यातल्या वयस्क बाईने पदर सरकवला. सगळ्या डोक्यावर काळे खुंट आले होते. तिचे बोट त्या जागेवर थांबले.

"हितं काहून न्हाई?"

"येतील की," आई म्हणाली.

"सगळीकडं आले, हितंच काहून न्हाई?"

पाहुणे जेवले, पोळी चांगली झाली म्हणाले आणि गेले. आठ दिवसांनी मध्यस्थ आला. पोरगी गुणाची आहे, पण डोक्याचा रोग लेकरांत उतरला तर काय, असा त्यांचा निरोप होता. असला वण लेकरांत उतरत नाही, दुसऱ्याला लागतही नाही. मी तसे पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही. त्या साली दुसरी सोयरीकही आली नाही.

आईने मग एरंडेल आणले. रोज दुपारी बहिणीला पुढ्यात बसवून ती त्याच एका जागेवर तेल जिरवायची, बोटे लाल होईपर्यंत. एकदा मी बसलो आणि आईला नीट सांगितले: मूळ मेले आहे, कातडीचा वण झाला आहे, इथे आता केस येणार नाहीत. तिने सगळे ऐकून घेतले. हात थांबला नाही.

"लावू दे तिला, दादा," बहीण म्हणाली.