बाजार कोणी पाडला

आमच्या पांडेसऱ्यात कापडाच्या मिलच्या गेटबाहेर चिंध्यांचा ढीग कसा होतो माहितीये? मुद्दाम कोणी टाकत नाही. येताजाता एकेक तुकडा पडतो, आणि एक दिवस बघतो तर गाय त्याच्यावर चढून बसलेली. किस्स्यांचंपण तसंच. आता माझ्याकडे एवढे झालेत की सांगितले नाहीत तर माझ्यावरच गाय बसेल.

मी गोट्या. नववीत शाळेला वाटलं याला पुढे न्यायचं नाही, मलापण तेच वाटलं, भांडण न होता आम्ही वेगळे झालो. तेव्हापासून मिलच्या गेटसमोर मोबाईलच्या दुकानात बसतो. बाजूला जिग्नेशभाईची चहाची लारी, म्हणजे हातगाडी. दुकानात टीव्ही आहे, म्हणून अख्खी मंडळी लारीवर चहा घेते आणि मान माझ्या दुकानात घालते.

त्यातल्या दोन माना महत्त्वाच्या. एक माझे बापू. अमळनेरकडचे, मिलमध्ये घडी खात्यात. दुसरे विठ्ठलकाका, जालन्याचे, रंग बनवायच्या खोलीत. त्यांचे हात कायम कुठल्यातरी कलरचे. दोघं जिगरी दोस्त आणि दोघांना एकच रोग, शेअर बाजार. बापूंनी मोबाईलवर थोडेसे शेअर घेतलेत. काकांनी एकपण घेतला नाही, पण काळजी बापूंपेक्षा जास्त.

बाजार वर गेला की बापू म्हणणार, साहेबांमुळे. खाली आला की अमेरिकेमुळे. काकांचं उलटं. खाली आला की साहेबांमुळे, वर गेला की लोकांच्या घामामुळे. साहेब म्हणजे दिल्लीतले. नाव मी घेत नाही. नाव घेतलं की लारीवरचा चहा थंड होतो.

मला काय, मजाच होती. पण माझ्या ताईचं लग्न काकांच्या सागरशी ठरत होतं. म्हणजे दिल्लीत बसलेल्या माणसामुळे बाजार हलतो की नाही, याच्यावर पांडेसऱ्यातलं एक लग्न लटकलेलं. ध्यानात ठेवा.

*

एकदा भांडणात जिग्नेशभाईचे ग्लास फुटले. तेव्हा त्याने नियम केला. साडेतीनला बाजार बंद होतो तेव्हा टीव्ही बघायचा. हिरवा असेल, म्हणजे चढलेला, तर चहाचे पैसे काका देणार, लाल असेल तर बापू. शनिवार-रविवार बाजारच बंद, तेव्हा ज्याचा त्याचा चहा. बोलायचं किती पण, ग्लासला हात लावायचा नाही.

तेव्हा साहेब परदेशात गेले होते आणि बाजार चढत होता.

काका म्हणाले, "बघा बापू. माणूस देशात नाही तर बाजार कसा मोकळा श्वास घ्यायलाय."

बापू म्हणाले, "तिथून वर केला त्यांनी. हात लांब आहेत."

पैसे काकांनी दिले. मग साहेब परत आले, आणि त्याच दिवशी बाजार धप्पकन खाली.

काका म्हणाले, "विमानातून उतरले की पडला."

बापूंनी चहा फुंकला, विचार केला, आणि एकदम शांतपणे म्हणाले, "थकलेत ते. प्रवास झालाय."

*

आमच्या घरात भिंतीवर साहेबांच्या फोटोचं घड्याळ आहे. निवडणुकीत फुकट मिळालेलं. मागे पडतं. पण बापू ते दुरुस्त करू देत नाहीत. म्हणतात, घड्याळ बरोबर आहे, सेल लोकल आहे.

ताई बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा बापूंनी गल्लीत पेढे वाटले. "मनी पोर शे," म्हणजे माझी पोर आहे, असं प्रत्येकाला सांगत. मी नववीत आपटलो तेव्हा आईला म्हणाले, "तुझं लक्ष नव्हतं."

आई भाकरी थापत होती. तिने वर पण बघितलं नाही.

"आता समजलं," ती म्हणाली, "तुम्हाला साहेब का आवडतात."

*

आता माझा खेळ ऐका.

थंडीत एकदा बाजार जाम पडला होता. टीव्हीवर तो बातम्यांवाला स्वेटर घालून गळा फाडत होता. मला त्याचं तोंड आवडलं म्हणून मी व्हिडिओ करून ठेवला. मग मे महिन्यात, भर उकाड्यात, एक दिवस तारखेची पट्टी कापून तोच टीव्हीवर लावला. मोबाईलच्या दुकानात बसून एवढं तर येतंच. बापूंचा फोन मी चार्जिंगच्या नावाखाली आधीच ठेवून घेतला होता. काकांकडे तर बटणाचा डबा.

बातम्यांवाला ओरडला, बाजार कोसळला. झालं. काका म्हणाले साहेब, बापू म्हणाले अमेरिका. काका म्हणाले काल तर अमेरिका वर होती. बापू म्हणाले म्हणूनच जळते. कपाळावरून घाम गळतोय आणि दोघं स्वेटरवाल्याकडे बघून भांडताहेत.

शेवटी जिग्नेशभाईला शंका आली. "आ भाईए स्वेटर केम पहेर्युं छे?"

मला वाटलं, गेलो.

बापू म्हणाले, "तिथे एसी असतो. देश किती पुढे गेलाय बघ."

काका म्हणाले, "एसी बंद करायलापण साहेबाची परवानगी लागत असंल."

चहाचे पैसे बापूंनी दिले. खरा बाजार त्या दिवशी हिरवा होता.

तो व्हिडिओ मी मिलच्या पोरांच्या ग्रुपवर टाकला, हसायला. तिथून तो आणखी कुठे गेला, मला काय माहीत. व्हिडिओला पाय असतात.

*

मग बजेटचा दिवस आला. त्या दिवशी काका आमच्या घरी लग्नाचं बोलायला आलेले. आईने पोहे केले होते. सागर हजीऱ्याला कंपनीत फिटर आहे, तोपण सुट्टी टाकून आलेला, नवा शर्ट घालून. ताई दाराआड बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. घरबसल्या ती तेच काम करते. पण त्या दिवशी सगळ्या टिकल्या एकाच फुलावर लागत होत्या. तिला सागर आवडतो. हे मला माहीत होतं, कारण त्याचा रिचार्ज मीच मारायचो आणि तो कोणाशी बोलून संपतो ते कळतं.

बापूंनी बोलता बोलता टीव्ही लावला. मी म्हटलं, नका. ऐकतं कोण.

पोहे संपायच्या आत बाजार पडला. काका फक्त एवढंच म्हणाले, "पाडला बघा."

"कोणी पाडला?" बापू म्हणाले.

"तुमच्या घड्याळातल्यानं."

बस. बापूंनी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे. "माझ्या घरात बसून?"

"मग काय जालन्याला जाऊन बोलू?"

काका चहा न घेता उठले. सागर अर्धा घास तोंडात घेऊन त्यांच्यामागे. बापू म्हणाले, "सोयरीक मोडली." आईने टीव्ही बंद केला. उरलेल्या टिकल्या ताईने डबीत भरल्या, झाकण घट्ट लावलं, आणि रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती थेट लारीवर आली. आमच्याकडे मिलच्या गेटवर घरच्या पोरी येत नाहीत. सगळे ग्लास हातात धरून बघतच राहिले. बापू लारीच्या एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, मध्ये स्टोव्ह.

ताई म्हणाली, "बाजार पडला की परत उठतो. माझं लग्न पडलं तर कोण उचलणार आहे, साहेब का अमेरिका?"

स्टोव्ह तेवढा बोलत होता.

"लग्न होईपर्यंत साहेबांचं नाव दोघांनी घ्यायचं नाही. जमतंय का सांगा. नाहीतर मी सागरला आत्ताच नाही सांगते आणि मोकळी होते."

काका आधी बोलले, "जमंल की, पोरी."

बापू म्हणाले, "मले बी."

*

जमलं म्हणजे काय, नाव नाही घेतलं. पण आतून दोघं प्रेशर कुकर.

बाजार पडला की काका म्हणायचे, "आज ऊन लई आहे. काही लोकांमुळंच."

बापू म्हणायचे, "ऊन बाहेरून येतं, भाऊ. इथल्या माणसाचा काय दोष?"

बाजार चढला की बापू म्हणायचे, "वारा सुटला. कोणीतरी खिडकी उघडली म्हणायची."

"खिडकी लोकांनी उघडली. तो झोपला होता," काका म्हणायचे.

एक नवा पोरगा मिलमध्ये लागला होता. तो दहा मिनिटं हे ऐकून मला हळूच म्हणाला, "हे दोघं हवामान खात्यात आहेत का?"

*

आता शेवटचा. साखरपुड्याचा.

मिलला रविवारी सुट्टी, म्हणून रविवार धरला. गल्लीत मांडव. जिग्नेशभाईने लारी मांडवाच्या तोंडाशी आणून लावली. जालन्याहून काकांची मोठी बहीण आली होती, सागरची आत्या. आमच्यात अशी एक आत्या प्रत्येक लग्नात असते, तिला बसायला गादी लागते आणि बोलायला कारण लागत नाही.

ताई आतून आली. हिरवी साडी, तिनेच टिकल्या लावलेली. पाटावर बसली. भटजींनी अंगठीचं ताट पुढे केलं. आणि आत्या म्हणाली, "थांबा जरा."

सगळे थांबले.

आत्याने मोबाईल काढला. "मला सकाळी हे आलंय. बघा. बाजार कोसळला म्हणायलेत. पोरीचं पाऊल अजून घरात पडलं नाही तर ही गत. सागरनं कंपनीतले पैसे त्याच्यातच टाकलेत, आपल्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे त्यात आहेत. मी म्हणत नाही काही. पण पायगुण बघावा लागतो माणसाला. पांढऱ्या पायाची निघाली तर?"

आईचा हात पदरावर गेला. सागर उठायला लागला, आत्याने त्याला हाताने खाली दाबलं. ताई अंगठीकडे बघत होती, अशी की जणू ती आत्ता कोणीतरी उचलून नेणार.

मी मान वाकडी करून आत्याच्या मोबाईलमध्ये बघितलं. स्वेटर घातलेला माणूस गळा फाडत होता.

मी तोंड उघडणारच होतो. पण बापूंनी आधी उघडलं.

बापू उठले. टोपी सरळ केली. त्यांचा आवाज लारीवर असतो तसा नव्हता, बारीक होता.

"बाजार साहेबनी पाडा," बापू म्हणाले. "मनी पोरनी नही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. जिग्नेशभाईच्या हातातला चहा उतू गेला. बापूंच्या तोंडून हे वाक्य आजवर कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःपण ऐकलं नव्हतं, असं वाटलं.

आत्या म्हणाली, "अहो, तुम्हीच तर म्हणता साहेबांमुळं चढतो."

"चढतो त्यांच्यामुळे, तर पडतोपण त्यांच्यामुळे. विमानातून उतरले की पडतोच. माझ्या पोरीला मध्ये आणायचं नाही."

तेवढ्यात काका उठले. मला वाटलं, आता हा माणूस नाचणार. इतक्या वर्षांनी बापूंनी कबूल केलं, सगळ्या गल्लीसमोर. काकांनी बापूंकडे बघितलं, मग ताईकडे, मग बहिणीकडे.

"कामून साहेबाला बोल लावता, व्याही?" काका म्हणाले. "तो माणूस काय करील? थकलाय. प्रवास झालाय. सगळं अमेरिकेमुळं हाय. आक्का, मोबाईल ठेव पिशवीत. मह्या सुनेच्या पायाचा आणि बाजाराचा काय संबंध?"

"अमेरिकेचा काय संबंध? साहेबच," बापू म्हणाले.

"अहो, नाही म्हणतो ना. साहेब बिचारा."

"कसला बिचारा? सगळं त्यांच्या हातात आहे."

"बापू, साहेबाला काय बोलायचं नाही."

"मी बोलणार. माझा साहेब आहे."

दोघं पाटाच्या दोन बाजूंना उभे, बोटं वर, आणि मध्ये भटजी ताट धरून. आत्या कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघून शेवटी दमली. मोबाईल पिशवीत टाकला आणि म्हणाली, "अंगठी घाला बाबा, मला भूक लागली."

जिग्नेशभाई चहाचं ताट घेऊन आला. "लाल छे ने? तो पैसा कोण आपशे?"

"मी," बापू म्हणाले.

"मी," काका म्हणाले, आणि दोघांचे हात एकदम खिशात गेले.

त्या गोंधळात ताईने मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो.

"गोट्या," ती कानात म्हणाली, "आज रविवार आहे ना?"

मी म्हटलं, "तू आधी अंगठी घालून घे."