साखरपुडा आणि वाफेचा दाब

ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत मी फ्रिजच्या वायूंचे दाब मोजायचे. जुने वायू ओझोनला खातात म्हणून बंद होणार होते आणि त्यांच्या जागी येणाऱ्या फ्लोरिनच्या नव्या संयुगांचे आकडे कारखान्याला हवे होते. कुठल्या तापमानाला द्रवावरची वाफ किती दाब देते, हे कळल्याशिवाय कॉम्प्रेसरचं गणित सुटत नाही. माझा तक्ता पुरा झाला की मी नोकरीत कायम होणार आणि कायम झाले की कल्याणच्या स्थळाकडचे लोक साखरपुडा करणार, असं ठरलेलं. डोंबिवलीत घर घ्यायचं तर दोन पगार लागतात, हे त्यांचं रोखठोक म्हणणं. मुलगा बरा होता. म्हणजे मला तसं वाटलेलं. जे काय बोललो ते त्यांच्या पंख्याच्या आवाजाबद्दल.

काम म्हणजे थंड अल्कोहोलच्या टाकीत स्टीलची कुपी बुडवायची आणि दाबाचा काटा स्थिर होईपर्यंत बसून राहायचं. बोटं बधिर व्हायची. माझा आलेख मात्र असा वळणदार, की मी तो मिरवत घरी नेला. आईने विचारलं, यात जावई कुठे आहे? आकडे शोभून दिसावेत म्हणून नवं पेनसुद्धा घेतलेलं. काय मी तरी भवानी!

तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी आमच्या विभागप्रमुख बाई आल्या. आलेखाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"कुपीतली थोडी वाफ सोडून दे आणि त्याच तापमानाला परत दाब घे."

द्रव शुद्ध असेल तर थोडी वाफ गेल्याने बिघडत नाही. तेवढी पुन्हा तयार होते, दाब होता तिथे येतो. माझा आला नाही. पुन्हा सोडली, आणखी उतरला.

"बाई, आत हवा राहिलीय."

"हो. इतके महिने तू तीच धरून मोजत होतीस."

त्या रागावल्या नाहीत. मीही रडले नाही. तोंडल्याची भाजी खाल्ली, डबा धुतला. कायम व्हायला वेळ लागेल असं आईने कल्याणला कळवलं. तिकडून निरोप आला, मुलाला थांबता येणार नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून वाट पाहिली. मग जाऊन नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला, वरची हवा पंपाने ओढली, वितळू दिला, पुन्हा गोठवला. दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशीही.

नवा तक्ता झाला तेव्हा वाफ सोडली तरी काटा परत जागेवर येत होता. बाईंनी सही केली, मी कायम झाले. कल्याणला कुठून कळलं कोण जाणे, लगेच मध्यस्थ काकू हजर. मुलगा अजून मोकळाच आहे म्हणाल्या. आईने मला आत बोलावलं.

"काय सांगू गं त्यांना?"

"हो सांग," मी म्हणाले, आणि कुकर लावायला गेले.

परवा नातीने विचारलं, आजी, तू तेव्हा 'नाही' का म्हणाली नाहीस? नाही म्हणायलाही आत काहीतरी वाटावं लागतं, ते तेव्हा नव्हतं. पण तिचे आजोबा शेजारीच पेपर वाचत बसलेले, म्हणून तिला बोलले नाही. इथे लिहिलं.